गोलात साक्षी, माईकवर मी

३ एप्रिल, शुक्रवार
आमची पोरगी साक्षी संघात! भारताच्या फुटबॉल संघात! तिचा फोन आला तेव्हा मी ट्रकखाली पडून ग्रीस मारत होतो. उठताना डोकं आपटलं, टेंगूळ आलं, तरी हसतोय. बुधवारी गोलकीपर म्हणून तिचा पहिला सामना, तोही परदेशात. मैत्रीपूर्ण सामना म्हणे. जयमालाने विचारलं, मैत्रीपूर्ण म्हणजे काय हो? मी म्हटलं, हरलं तरी चहा देतात.
बायकोला आपण अज्ञानात ठेवत नाही.

४ एप्रिल
गावाने ठरवलं – मैदानात मोठा पडदा लावायचा, लग्नात हळदीला लावतात तो. टीव्हीवरचं इंग्रजी कोणाला कळणार? तेव्हा समालोचन मीच करायचं! वीस वर्षं टेनिस बॉल क्रिकेटचं करतोय. पेणपासून किहीमपर्यंत माझ्या आवाजाशिवाय फायनल होत नाही. पोरं बोलरला घाबरत नाहीत तेवढी माझ्या माईकला घाबरतात.
विनेशचंच बघा. किहीमच्या फायनलला त्याने हातातला झेल सोडला. मी माईकवरून म्हटलं, "हात हायत का चालन?" झालं – तेव्हापासून तो अख्ख्या गावाचा चाळण. त्याच्या हळदीच्या बॅनरवर चाळण. त्याची पोरं शाळेत चाळणची पोरं. आपल्या शब्दाला वजन आहे!
शुभम आमच्या सामन्यांचं यूट्यूबवर लाइव्ह करतो. त्याच्याकडून फुटबॉलचे नियम शिकायला बसलो. ऑफसाइडपर्यंत आलो. पुढे गाडी जात नाही.

६ एप्रिल
समोरच्या संघासाठी टोमणे तयार केले. "बॉल मारला का बोंबील सुकत घातला?" – हा हमखास चालणार. जयमाला भाकऱ्या थापता थापता म्हणाली, आणि आपल्या पोरीसाठी काय तयार केलंय? तिच्यासाठी कशाला लागतंय! तिच्या हातून बॉल सुटणारच नाही.

७ एप्रिल
साक्षीचा फोन. तिकडे थंडी मरणाची, जेवणाला चव नाही. मी आनंदाची बातमी दिली – समालोचन पप्पा करणार, सगळं लाइव्ह! तिने दोनदा विचारलं, "कोन करनार?" रेंजचा घोळ. मग एवढंच म्हणाली, "पप्पा, जरा सांभालून बोल हां." माझ्या घशाची किती काळजी. लेकी त्या लेकीच.

९ एप्रिल, सकाळ
काल लिहायला बसलो नाही. आज लिहितो.
गर्दी तुफान होती. ज्यांना ज्यांना मी माईकवरून धुतलं होतं ते झाडून सगळे हजर, पुढच्याच रांगेत. मला बरं वाटलं. मंडळी फुटबॉल बघायला आलेली नाहीत हे मागाहून कळलं.
साक्षी पडद्यावर आली. हातमोज्याच्या पट्टीवर मराठीत काहीतरी लिहिलेलं, अक्षर काही लागेना. मी जाहीर करून टाकलं – पोरीने आईचं नाव लिवलंय! बायकांनी बसल्या जागी हात जोडले.
पहिला गोल झाला. मी म्हटलं, वारा. दुसरा – ओलं गवत. तिसऱ्याला म्हटलं, पंच आंधळा. चौथ्याला म्हटलं, बचावफळी चहा प्यायला गेलेली. पुढची रांग तोंडावर रुमाल धरून बसलेली.
पाचवा. साधा बॉल, घरंगळत आला. साक्षीच्या हातात आला, हातातून निसटला आणि गोलात गेला.
अख्खं मैदान माझ्याकडे वळलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बोल ना आता, दयाराम."
शब्द जिभेवर होता. माझाच होता. पण पडद्यावर पोरगी गवतात गुडघे टेकून बसलेली. माईक नुसता कुईं करत राहिला.
मग विनेश उठला. मला वाटलं, आता हा सगळं वसूल करणार. करू दे, त्याचा हक्कच आहे. त्याने माझ्या हातून माईक घेतला आणि म्हणाला, "समालोचकाला दुखापत झालेली हाय. बदली खेलाडू आलेला हाय. पोरगी उठली बघा, टाल्या वाजवा!"
उरलेलं सगळं त्यानेच केलं. वाईट नाही बोलला. ऑफसाइड त्यालाही येत नाही.
पाच–शून्य! मैत्रीत पाच घालतात, तर दुश्मनीत किती घालत असतील?

१० एप्रिल
घसा बसलाय असं सांगून घरातच. घशाला काही झालेलं नाही हे जयमालाला पक्कं माहीत आहे. तरी दिवसभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

११ एप्रिल
साक्षीचा फोन. तिने शुभमचं रेकॉर्डिंग पाहिलं. आईचं नाव म्हणालो तिथे हसली म्हणे. मी विचारलं, मग काय लिहिलं होतंस?
"चालन लिवलेला, पप्पा. तू बोलाचे आगुदर मीच लिवून ठेवला. म्हंजे मंग लागत नाय."
पाच गोल मारणाऱ्या पोरींना ती घाबरली नव्हती. मला घाबरली होती.
पुढच्या सामन्याला पुसू का, विचारत होती. मी हो म्हटलं.

१२ एप्रिल
सकाळी नाक्यावर विनेश समोरून येत होता. मी हाक मारली, "विनेश!"
त्याने थांबून मागे वळून पाहिलं – मी कोणाला बोलावतोय ते बघायला.