चाळीस जहाजं

१८ नोव्हेंबर, सोमवार
पाच चांदण्या मिळाल्या! नंबर माझ्या लेकीचा, वैष्णवीचा; तोंड माझं.

कोळवणच्या शाळेत नवीन टूम निघालीय. इंग्रजी तीन दिवस पल्लवी मॅडम वर्गात शिकवणार, तीन दिवस फोन. फोनमधली बाई वाक्य म्हणते, आपण तसंच म्हणायचं, मग ती चांदण्या देते. तोंडीचे मार्क त्यावरच. आणि आमच्या घरात रेंज शून्य! रेंज वर टेकाडावर, जिथं मी मेंढरं चारते. म्हणून लेक सकाळी ते ॲप उघडून फोनच माझ्या हातात देते. वर नाव नसतं, नुसता नंबर. "आई, तूच बोल. आपला आवाज एकच हाय."

नववीतली पोर, आईला कॉपी शिकवते! मी आठवीतून शाळा सोडलेली. नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

२० नोव्हेंबर
बाई प्रत्येक वाक्याआधी म्हणते, "रिपीट आफ्टर मी." मीही ते इमानेइतबारे म्हणत होते. शेवटी "मी" आलं की वाटायचं, चला, आता मराठीत आली! वैष्णवी ऐकून चुलीपाशी हसून लोळली.

२३ नोव्हेंबर
मेंढीला शीप म्हणतात. मी म्हटलं. फोनला ऐकू आलं — शिप. म्हणजे जहाज! दहा वेळा म्हटलं, दहाही वेळा जहाज. जन्म मेंढरांत गेला आणि ही बाई मला मेंढी शिकवणार!

मालक बांधावरून ओरडले, "कुनाशी भांडतीस गं?"

"मेंढीचं जहाज झालंय!"

मग दिवसभर त्यांना तेच. "ए, तुजी बोट लोकाच्या रानात घुसली बग!"

२४ नोव्हेंबर
जमलं! शेणात पाय पडल्यावर "शी!" म्हणतो ना, तेवढी शी लांबवायची. शीऽप. चांदणी!

आणि एक मेंढी असली तरी शीप, चाळीस असल्या तरी शीपच. इंग्रजांनी मेंढरं राखली की नाही, देव जाणे.

२७ नोव्हेंबर
मॅडमचा निरोप वैष्णवीनं आणला — "आवाज छान आहे. फक्त मधेमधे ते हुर्र हुर्र कमी करा." कमी कसं करू? मेंढरं भाजीत घुसली तर मॅडम हाकलायला येणार का?

पण नववीतल्या पोरीला "करा"? शहरातली बाई, अहो-जाहोची सवय असेल.

२ डिसेंबर
मेले! शनिवारी पालकसभा. ज्याच्या चांदण्या सगळ्यांत जास्त, त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून इंग्रजी बोलायचं — फोनशिवाय! आणि पहिला नंबर आमचा.

वैष्णवी म्हणाली, "व्हईल की," आणि भाकरी मोडून खात बसली. मी माझी भाकरी परत टोपलीत ठेवली. मजा मी केली, शोभा पोरीची होणार, तीही अख्ख्या गावापुढं. मार्क जातील ते वेगळेच.

४ डिसेंबर
शाळेतून आली की तिला टेकाडावर नेते, घोकून घेते. "आय हॅव फॉर्टी शिप." अगं, शी म्हण, शी! "शिप." नऊ वेळा! शेवटी एक धपाटा घातला. कार्टी गालातल्या गालात हसत होती. मला मात्र रडू आलं.

मी शिकले आणि ती राहिली, असंच ना हे?

५ डिसेंबर
अजून शिपच.

६ डिसेंबर
ठरलं. उद्या सभेत मॅडमना मीच सांगते — फोनवर बोलले ती मी, पोरीला काही करू नका. मालकांना विचारलं. म्हणाले, "सांग. लईत लई काय, वरडतील. तू काय कमी वरडतीस?"

७ डिसेंबर, शनिवार
सांगायला तोंड उघडणार, तोच मॅडमनी पहिलं नाव वाचलं — जया म्हसू कोकरे.

तो नंबर पहिल्या दिवसापासून माझाच! वैष्णवीनं मॅडमना विचारून माझं नाव घातलं होतं. स्वतःचे धडे ती मधल्या सुट्टीत मॅडमच्या फोनवर करायची. मला मागून ढकलत म्हणाली, "ऊठ की, आई. मेंढरं सांग."

सांगितली. चाळीसच्या चाळीस. जहाज एकही नाही.