सैल केलेल्या तारा

प्रिय आई,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी मजेत आहे. हॉटेलात गिटार वाजवायचं काम नीट चाललंय. फक्त सकाळी डाव्या हाताची बोटं आखडलेली असतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संधिवात आहे. घाबरू नकोस, गोळ्यांनी सूज उतरतेय.

मला मात्र या हाताचं भलतंच कुतूहल वाटायला लागलंय. कोमट पाण्यात बुडवून बघत बसते, आज कुठलं बोट आधी वळतंय. करंगळी बहुतेक रुसलेलीच असते.

मागच्या आठवड्यात तारा दाबवेनात. काम हातचं जातंय की काय, असं वाटलं. मग बारीक तारा लावल्या, त्याही सैल केल्या. पट्टी खाली आली, पण माझ्यासोबत गाणाऱ्या गायकाला सांगायचं धाडस होईना. कार्यक्रम संपल्यावर तोच म्हणाला, "आज वरचे सूर किती सहज लागले! काय केलंस?"

मी खरं सांगितलं, तर हसत सुटला. "अगं, माझा गळाही वर्षभर कुरकुरतोय. मीही लपवतच होतो!" आता आम्ही खालच्याच पट्टीत रमलोय.

बाबा वेळेवर जेवतात ना?

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला हा त्रास आहे?" मला एकदम तू आठवलीस. कपडे पिळताना तू मधेच थांबून मला हाक मारायचीस. मला वाटायचं, काम शिकवतेयस. आई, तेव्हा तुझे हात दुखायचे का गं? आता कसे आहेत? खरं खरं लिही.

तुझीच,
धाकटी