जोडीचं शेवटचं गाणं

चाचा, काल वडनेरला आमच्या डीजे जोडीचा दिवस साजरा झाला. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली आणि माझ्या जोडीदाराला नऊ, म्हणजे तो गेल्याचं तुम्हाला कोणी सांगितलंही नसेल. मलकापूर, खामगावहून पोरं आली होती. आमच्या दोघांचे चेहरे छापलेले टी-शर्ट, ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकरचे बॉक्स, आणि बॅनरवर त्याच्या फोटोला हार, माझ्या फोटोला गॉगल. अठरा-अठरा वर्षांची पोरं माझ्या पाया पडत होती. यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलेलंही नाही. मला पळून जावंसं वाटत होतं.

तुमच्या लाउडस्पीकरच्या दुकानात वायरी गुंडाळत आम्ही शिकलो. तुम्ही दिलेला तो एकच हेडफोन, एक कान त्याचा, एक माझा. कापसाच्या जिनिंग मिलची धडधड रेकॉर्ड करून त्यावर पहिला ठेका बसवला, तेव्हा तुम्ही डोळे मिटून ऐकलं होतं आणि म्हणाला होतात, "आवाज मोठा केला म्हंजे वाजवनं होत नाही बे. पन हे वाजलं." कान त्याचाच होता, मी नुसता कॉम्प्युटरवर बोटं चालवायचो. एका लग्नात त्याला एकट्याला बॉक्स उतरवायला लावून मी पंगतीत बसलो, तेव्हा तुम्ही मला ताटावरून उठवलं होतं. "जोडीदार उपाशी अन् तू जिलेबी खाऊन राह्यला? लाज वाटते काय?" लाज वाटली होती, चाचा. चार दिवस वाटली.

बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी संपलीच म्हणायचे सगळे. पंप कोठ्यात लटकले. तुम्ही गेल्यावर गुलाबी बोंडअळी त्याच बीटीत शिरली आणि पंप पुन्हा पाठीवर आले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. फवारलेलं सगळं विष तोंडावरच यायचं. गणपती चार दिवसांवर होते. तो सकाळी दारात येऊन उभा राहिला.

"चाल ना बे माह्यासंगं. एकानं डरम भरला अन् एकानं पंप मारला तं दुपारलोक उरकते."

"गानं द्याचं हाये गनपतीच्या आधी. तूच जाय ना."

"बरं. तू वाजव, मी मारतो," असं म्हणून तो हसला आणि गेला. दोन दिवस तो एकटाच फवारत होता. भर उन्हात, तोंडाला साधा रुमाल बांधून. सोबत कोणी असतं तर त्याचं अडखळणं दिसलं असतं, बांधावर बसवलं असतं. मी खोलीत पंखा लावून ठेका जुळवत होतो. दुसऱ्या संध्याकाळी त्याला धूसर दिसायला लागलं, उलट्या थांबेनात. दवाखान्यात तो मला आवाजावरून ओळखत होता. तिसऱ्या दिवशी गेला. गाणं तोवर पूर्ण झालं होतं.

तेच गाणं काल सगळ्यात शेवटी लावलं. लोकांना तेच सर्वांत जास्त आवडतं, त्याचं शेवटचं म्हणून. त्यात त्याचा एक ठोकाही नाही. एका पोरानं माझ्यापुढे माईक धरला. "दादा, हे गानं तुमी दोघायनं एकाच बैठकीत केलं म्हन्तेत. खरं काय?" समोर दोन-तीन हजार माणसं होती. मी म्हटलं, "हाव." पोरं ओरडली, कुणी रडलं. खरं बोलायला याहून चांगली वेळ मला मिळणार नाही, हे मला त्या क्षणीही कळत होतं. नऊ वर्षं मी असाच "हाव" म्हणत आलोय आणि पुढेही म्हणेन. तुम्ही असता तर मला तिथूनही उठवलं असतं. आता उठवणारं कोणी उरलं नाही.

हे पत्र तुमच्या कबरीपाशी जाऊन वाचीन म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही वाचणार. कारण एवढं सांगितल्यावर उरलेलंही सांगावं लागेल. गाणं चालू असताना मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना वाटलं, रडतोय. मी माझ्या पायाकडे पाहत होतो. पाय ठेक्यावर हलत होता, चाचा, आणि मी तो थांबवला नाही.