काट्याला हात लावायचा नाही

प्रिय ठमाकाकू,

एकतीस वर्षांच्या बाईला हे नाव आवडणार नाही, पण पाकिटावर तुझं खरं नाव नीट लिहिलं आहे, तेव्हा पोस्टमनपुढे तुझी अब्रू शाबूत आहे. सात महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. ही तक्रार नाही, नुसती नोंद. तक्रारी लिहायच्या असत्या तर पाकीट जाडजूड झालं असतं. आज एक भलतीच बातमी द्यायची आहे. तुझा बाप ध्यान करायला शिकला. हसून घे, मी थांबतो.

झालं असं, की डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि मी तो मुद्दाम चढवून आणल्यासारखं माझ्याकडे बघितलं. गोळ्या दिल्या, वर रोज थोडा वेळ स्वस्थ बसा म्हणाले. मी आणि स्वस्थ. तुझ्या आईने वाचनालयाच्या वरच्या खोलीत चालणारा एक वर्ग शोधून काढला आणि मला जवळजवळ बखोटीला धरून नेलं. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मला वाटलं होतं, मांडी घालायला लावून पाठीचा पार भुगा करतील. तर कसलं काय. साध्या खुर्चीत टेकून बसायचं, डोळे मिटायचे, एक छोटासा शब्द मनात हळूच सोडून द्यायचा. विचार आले तर येऊ द्यायचे, हाकलायचे नाहीत. शब्द हरवला तर हरवला, लक्षात आलं की सावकाश पुन्हा त्याच्याकडे यायचं. जोर लावायचा नाही, नियम म्हणशील तर एवढाच. मी काठीसारखा ताठ बसलेला बघून सिस्टर म्हणाल्या, काका, इथे कुणी फोटो काढत नाहीये, जरा सैल बसा.

पण चाळीस वर्षं प्रयोगशाळांचे नाजूक तराजू दुरुस्त करणारा माणूस मी. मोजल्याशिवाय मला काही पटत नाही, हे तुला मी सांगायला नको. घरी डोळे मिटून बसलो तो हातात पेन्सिल आणि मांडीवर कागद घेऊन. विचार आला की एक रेघ. पहिल्या दिवशी त्रेचाळीस रेघा, दुसऱ्या दिवशी एकसष्ट, तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी, आणि त्यातले निम्मे विचार रेघांबद्दलच. तिन्ही दिवसांची सरासरी काढून कागद सिस्टरांपुढे ठेवला. त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मग त्यांनी मला विचारलं, की तराजूचा काटा डुलत असतो तेव्हा मी काय करतो. म्हटलं, काहीच नाही. तराजूभोवतीच्या पेटीचं काचेचं दार लावतो आणि हात मागे घेतो. काट्याला बोट लावून थांबवलं तर वजन चुकतं. नुसता जवळून श्वास लागला तरी तो पुन्हा डुलायला लागतो. किती वेळ थांबता, म्हणाल्या. म्हटलं, त्याला लागेल तेवढा. त्यावर त्यांनी माझ्या कागदाची घडी घातली आणि तो मला परत दिला. जिना उतरताना मी स्वतःवरच चरफडत होतो. जे माझ्या बोटांना चाळीस वर्षं ठाऊक आहे, ते डोक्यात शिरायला एक नर्स लागली.

तेव्हापासून मात्र मला या खुर्चीची मजा वाटायला लागली आहे. आत काय काय चालतं त्याचं नवल वाटतं. फ्रिजची घरघर ऐकू येते, मग ती येईनाशी होते, मग शब्दही नसतो. मधेच आईच्या हातातून झाकण पडतं आणि कळतं, की आपण कुठेतरी जाऊन आलो. किती वेळ, ते घड्याळात बघत नाही. झोप बरी लागते. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी आता जेवून उठतो.

परवा असाच बसलो होतो आणि तू आलीस. सहा वर्षांची, शाळेतून थेट माझ्या वर्कशॉपमध्ये. स्टुलावर चढून तराजूसमोर उभी, गाल फुगवलेले, दोन्ही हात तोंडावर. बाबांचा काटा हलू नये म्हणून तू श्वास रोखून धरायचीस, चेहरा लाल होईपर्यंत. माझी पोर किती शहाणी, म्हणून हे मी आल्यागेल्याला सांगत असे. परवा पहिल्यांदाच कौतुक वाटलं नाही. नोकरी सोडल्यावर तू एवढंच म्हणाली होतीस, की काही दिवस मला काहीच ठरवायचं नाही. आणि मी सकाळ-संध्याकाळ फोन करून काय ठरलं, अर्ज कुठे केलास, पुढचं काय, असा पिच्छा पुरवला. शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, बाबा, मला जरा श्वास घेऊ दे. त्यावर मी तुला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं.

दर रविवारी तू आईशी बोलतेस ते मला माहीत आहे. आजवर मी दारात उभा राहून तिला खुणा करायचो, हे विचार, ते विचार. गेल्या रविवारी मी खाली पायरीवर जाऊन बसलो. वर आल्यावरही काही विचारलं नाही, तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्या दोन्हींत सवयीने प्रश्न शिरले होते, म्हणून फाडली. इथवर लिहून झाल्यावर पेन्सिल घेऊन मोजलं. तुला विचारलेले प्रश्न, शून्य. एवढ्यासाठीच हे पत्र. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही. नोकरी धर, नको धरूस, वर्षभर नुसती खिडकीत बसून राहा. माझं चुकलं, ठमे. काचेचं दार लावून मी हात मागे घेतला आहे. आता तू श्वास सोड.

तराजूपासून दोन पावलं मागे उभा असलेला,
तुझाच
बाबा