नियम सातला अपवाद

बंगळुरू
१४ जुलै २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी तुम्ही फोन मध्येच ठेवलात. मग आईने फर्मान काढलं की हा विषय यापुढे फोनवर निघणार नाही, काय भांडायचं ते कागदावर भांडा. म्हणून हे पत्र. इथलं पोस्ट ऑफिस शोधायला मला अर्धा दिवस लागला. इंटरनेटचा कायदा शिकवणाऱ्या बाईची ही गत! हसून घ्या.

फोनवर तुम्ही ऐकूनच घेतलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. गेल्या बुधवारी मी दुसऱ्या वर्षाला शिकवत होते की इंटरनेटवर एकदा गेलेली माहिती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, आणि ती काढून घ्यायचा हक्क माणसाला असावा की नाही. उदाहरण म्हणून एका मुलाला माझंच नाव शोधायला सांगितलं. मला वाटलं, माझे लेख निघतील. निघालं काय, तर आपल्या विदर्भ स्नेही मंडळाची वधू-वर सूची! सबंध पडद्यावर मी, भिलाईच्या सिव्हिक सेंटरमधल्या फोटो स्टुडिओत, शेजारच्या भाग्यश्रीकाकूंची साडी नेसून, मान तिरकी करून. वर्गात सुमेध नावाचा नागपूरचा मुलगा आहे. त्याने कोणी न सांगता सगळ्यांना इंग्रजीत अर्थ करून सांगितला. वय चोवीस, वर्ण गव्हाळ, स्वयंपाकात निपुण. माझ्या हातचा उपमा एकदा खाल्लेली चार मुलं वर्गात होती, ती सगळ्यांत जास्त हसली. मी घाईने पान बंद केलं.

हसणं मी सोसलं असतं. पण बाबा, मी एकोणचाळीस वर्षांची आहे, प्राध्यापक आहे, माझं घर आहे, जिवाभावाची माणसं आहेत. पंधरा वर्षांनीही ती नोंद तिथे आहे म्हणजे तुम्ही मला अजून वेटिंग लिस्टवर धरलं आहे, असं मला वाटतं आणि ते लागतं. मंडळाचे सचिव तुम्ही, साइट तुमच्या हातात. एवढी एक नोंद काढून टाका.

गुडघ्याला तेल लावता ना? आईला नमस्कार. राग गेला असेल तर उत्तर द्या, नसेल गेला तरी द्या.

तुमची
शिल्पा


रिसाली, भिलाई
२२ जुलै २०२५

चि. शिल्पा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. स्पीड पोस्ट होतं म्हणून पोस्टमनने सही घेतली, तर तुझ्या आईला वाटलं तू बापावर खटला भरलास. फोन मी ठेवला नव्हता, हातातून पडला. बरं, ठेवला.

चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये काढली. तिथे एक नट जरी बाहेर द्यायचा तरी कागद लागायचा. फोनवर बोललेलं फाईलला लागत नाही. तेव्हा तुझं पत्र मी अर्ज समजून वाचलं आणि मंडळाची नियमावली काढली. नियम सात असा आहे : सूचीत एकदा दिलेली नोंद विवाह ठरल्याशिवाय काढली जाणार नाही.

हा नियम कोणी केला, आठवतं? २००८ च्या उन्हाळ्यात, कायद्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलेल्या एका मुलीने. तेव्हा लोक नोंद द्यायचे, स्थळं पाहायचे, काढून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी वय कमी करून पुन्हा द्यायचे. आपले अध्यक्ष प्रफुलभाऊ तुला म्हणालेही होते की बाई, कोणाच्या अडीअडचणीला एखादी फट ठेव. तू समासात तांबड्या शाईने लिहिलंस की अपवाद नको. ती प्रत मी जपून ठेवली आहे, झेरॉक्स सोबत जोडतो. करावे तसे भरावे, दुसरं काय म्हणू?

सबब अर्ज नामंजूर. स्थळ सुचवून पुन्हा अर्ज करता येईल.

हे झालं सचिवाचं. बापाचं म्हणशील, तर वेटिंग लिस्टबिस्ट मनात आणू नकोस. ते पान काढायला माझा हात होत नाही, एवढंच. कारण विचारू नकोस. आणि स्वयंपाकात निपुण हे आईने लिहायला लावलं नव्हतं, ते खोटं माझं स्वतःचं आहे. उपम्याबद्दल त्या मुलांची माफी मागतो.

गुडघा बरा आहे. लोभ आहेच, तो अर्ज न करता वाढवावा.

तुझा
बाबा (सचिव)


बंगळुरू
३० जुलै २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

झेरॉक्स पाहिली. अक्षर माझंच आहे, माज पण माझाच. बावीस वर्षांच्या मुलीला वाटतं की चांगला नियम म्हणजे ज्यातून कोणीच सुटत नाही तो. आता माझ्या वर्गात कोणी असा नियम लिहून आणला तर मी त्याला परत पाठवते. पण तुम्ही तो इतका मन लावून पाळाल हे ठाऊक असतं, तर दुसऱ्या ओळीत बापाच्या तावडीतून सुटायची सोय आधी केली असती.

आता खरं बोलते. मनात आणलं तर मी मंडळाला रीतसर नोटीस धाडू शकते. दिलेली संमती मागे घेता येते, हे मी रोज शिकवते. साइट करणाऱ्या ओमप्रकाशला परस्पर फोन करून काम करून घेणं तर त्याहून सोपं. मी दोन्ही करणार नाही. ज्यांनी माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली त्यांना वकिली लिफाफा पाठवणं मला जमायचं नाही, आणि गुपचूप काढून घेतलं तर मला हवं ते मिळणारच नाही. मला ती नोंद तुमच्या हातून निघालेली हवी आहे.

कारण विचारू नकोस, म्हणालात. बाबा, मी दुसरं करते काय आयुष्यात? सांगून टाका. वाट पाहते.

तुमची, नियमाची आई,
शिल्पा


रिसाली
८ ऑगस्ट २०२५

चि. शिल्पा,
आईचे आशीर्वाद.

तुझे बाबा आज उतई गावाले बारशाले गेले हायेत, म्हणून पेन हाती घेतला. मले तुमच्यासारखं मुद्द्यामुद्द्यानं लिहिता येत नाही, बोलते तसं लिहून राहिली.

तुमचे कागद मी चोरून वाचले. चोरून कावून, तर दोघंही मले दाखवत नाही म्हणून. तू कायद्याची एवढी मोठी प्रोफेसर, पोरांले सांगते की कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, अन् स्वतः फोटो पाहून पान बंद केलं? जरा खाली जा. तुझी पीएच.डी. झाली तेव्हा यायनं पेढे नंतर वाटले, आधी तिथं लिहिलं. तू असिस्टंट झाली, असोसिएट झाली, प्रोफेसर झाली, कोणकोणत्या समितीवर गेली, पुस्तक लिहिलं, सारं तारखेसकट हाये. लेखाचं इंग्रजी नाव घालायचं असलं की एक एक अक्षर मले वाचायले लावते. वय मात्र मीच बदलू दिलं नाही, ते पाप माझं. म्हणून तिथं चोवीस वर्षांच्या पोरीले शिकवायचा तेरा वर्षांचा अनुभव हाये.

पहिले लोक विचारत की पोरगी काय करते, तर हे सांगत, इंटरनेटची वकील. मग जो तो मोबाइल घेऊन दारात. कोणाचं रिचार्ज होत नाही, कोणी पासवर्ड भुलला. अहिवारा गावचे एक जण तर टीव्हीचा रिमोट घेऊन आले होते. तेव्हापासून हे तोंडानं काही सांगत नाही, ते पान उघडून समोर ठेवते. आता स्थळ कोणी विचारत नाही बाई. पोरींचे मायबाप येते, कायदा कुठं शिकवायचा हे विचारायले, अन् हे अर्धा अर्धा घंटा समजावून सांगत राहते. परवा जेवता जेवता म्हणाले की ते पान गेलं तर मी लोकांले काय दाखवू, अन् पोळी तशीच ठेवून उठले.

सर्वात खाली अपेक्षांचा रकाना हाये. पहिले तिथं होतं, नागपूर-भिलाईकडचा, पक्की नोकरी, निर्व्यसनी. तीन वर्षांमागं यायनं ते पुसलं. त्या जागी काय लिहिलं ते मी नाही सांगत, तूच पाह्य.

मी कोणाच्या बाजूची हे विचारू नको, मले दोघांले जेवू घालायचं हाये. वाचून फाडून टाक. मायेत कमी करू नको.

तुझी
आई


बंगळुरू
१७ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पान शेवटपर्यंत वाचलं. कोणाच्या सांगण्यावरून ते विचारू नका, साक्षीदाराचं नाव उघड करायचं नसतं. ऑफिसचं दार लावून घेतलं आणि चांगली रडले. २०१९ मध्ये एका परिसंवादात मी निबंध वाचला होता, तो मीसुद्धा विसरून गेले होते. विद्यापीठाच्या पानावर तो नाही, तुमच्या पानावर आहे, त्या दिवशीच्या वारासकट. माझ्या कामाची इतकी पूर्ण नोंद जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि तिच्या डोक्यावर गव्हाळ वर्ण!

इतकी वर्षं मी समजत होते की माझं लग्न झालं नाही याचं तुम्हाला दुःख आहे. म्हणून मी तो विषयच टाळत आले, सुट्टीतही चार दिवसांवर राहत नव्हते. मला स्वतःला त्याचं दुःख नाही. हे एकदा तरी तुमच्याशी नीट बोलायला हवं होतं. चूक माझी आहे.

तरीही बाबा, माझं मागणं तेच आहे. माणसाबद्दल काय लिहावं आणि कुठवर ठेवावं हे त्याच्या हातात असावं, एवढंच मी तेरा वर्षं शिकवते आहे. तुम्ही माझ्याबद्दल फार सुंदर लिहिलंत, पण मला न विचारता लिहिलंत. अपेक्षांच्या रकान्यात तुम्ही लिहिलं आहे, मुलीला विचारावे. ते पान पाहणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हे सांगितलंत. आता तुम्ही विचारा. माझं उत्तर असं आहे की काढा.

नियम सात चुकीचा आहे, हे वर्गातल्या उपम्याच्या फजितीसकट अर्जात लिहून सोबत जोडलं आहे. गणपतीत वार्षिक सभा असते, तिथे ठेवा. नामंजूर झाला तरी दिवाळीला येते आहे, या खेपेला पंधरा दिवस.

माझ्यावर रुसू नका, रुसलात तर कळवा.

तुमची
शिल्पा


रिसाली, भिलाई
२ सप्टेंबर २०२५

चि. शिल्पास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

साक्षीदार कोण ते मी ओळखलं आहे. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तिने दोनदा शिरा केला, गुन्हेगार असाच सापडतो.

परवा रविवारी आरतीनंतर सभा झाली. मी सचिव म्हणून तुझा अर्ज सगळा वाचून दाखवला. उपम्यापाशी लोक हसले. पुढे हसले नाहीत. प्रफुलभाऊ म्हणाले की आज शिल्पाने मागितलं, उद्या सगळ्यांच्या पोरी मागतील. मी म्हणालो की मागू द्या, नावं त्यांचीच आहेत. तेवढ्यात मागून भाग्यश्रीकाकू उठल्या. त्यांच्या ऐश्वर्याचं जमलेलं लग्न मोडलं त्याला सहा वर्षं झाली, तिचं नाव आपल्या साइटवर जमलेल्या लग्नांच्या यादीत त्या मुलाच्या नावाशेजारी अजून तसंच आहे. लाजेखातर त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं. त्या बोलत होत्या आणि मला खाली पाहावं लागलं, कारण ती यादी मी दर महिन्याला तपासतो. मागेल त्याचं नाव काढायचं, असा नियम बदलला, एकमताने. प्रफुलभाऊंनी हात सगळ्यांत शेवटी वर केला, पण केला.

काल सोमवारी सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसलो. आधी ऐश्वर्याचं नाव काढलं. मग तुझं. नोंद काढायला गेलं की ते कारण विचारतं, आणि कारणं दोनच दिलेली. एक विवाह ठरला, दुसरं निधन. पहिलं खोटं, दुसऱ्यावर बोट नेववेना. ओमप्रकाशला दुर्गला फोन लावला. तो म्हणाला की तिसरं कारण घालायला दहा मिनिटं, तुम्ही फक्त शब्द सांगा. त्या शब्दांना मला अर्धा तास लागला. वैयक्तिक कारण, अपरिहार्य कारण, स्टोअर्समधलं सगळं आठवून पाहिलं. शेवटी लिहायला सांगितलं, मुलीने सांगितले. ओमप्रकाशने विचारलं की मुलग्यांचं काय, तर म्हटलं, त्यांना अर्ज करू दे.

तिसरं कारण निवडलं आणि पान गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आई शेजारी उभी होती, तिने खांद्यावर हात ठेवला आणि चहा टाकायला गेली.

आधी छापून एक प्रत ठेवावी असं मनात आलं होतं. ठेवली नाही. काढायचं म्हटलं की पुरतं काढावं, नाहीतर तू म्हणशील बाबांनी पळवाट शोधली. पण एक कळवून ठेवतो. पंधरा वर्षं त्यातली एकेक ओळ मीच घातली आहे. एलएल.एम.पासून पुस्तकापर्यंत सगळं मला तारखांसकट तोंडपाठ आहे, आता कोणी विचारलं तर पान लागत नाही, उभ्या उभ्या सांगतो. ही नोंद पुसायला तुझ्या कायद्यात एखादं कलम असेल तर कळव.

नसेल, तर माया अशीच राहू दे.

तुझा
बाबा