केशरबाईच्या मांडीवर कॉम्प्युटर

जुनी वस्ती, बडनेरा
१२ डिसेंबर २०१२

आदरणीय शेषरावभाऊ यांसी,

बडनेऱ्याहून हुसेनचा सलाम घ्यावा, आणि सलाम बाजूले ठेवून रामरामही घ्यावा. तुमच्या उजव्या गुडघ्याचं कसं आहे? का आता डाव्याची पाळी लागली? कौशल्यावहिनीले सांगजा, धामणगावहून पाठवलेल्या तुरीच्या शेंगा पोचल्या आणि पोचल्या त्याच दिवशी संपल्या. इकडं सारे खुशाल. माही रक्तातली साखर (जी डॉक्टर मोजते) वाढली, म्हणून चहातली साखर (जी तुमची सितारावहिनी मोजते) बंद झाली. बाकी तब्येत अशी का, आठ दिवसांपासून छाती धडधडून राहिली, पण ती आनंदानं. चौतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केले आपण, भाऊ, पण असा फॉल्ट आयुष्यात पाह्यला नव्हता!

पहिल्यापासून सांगतो. आमची तुबा आता दोन वेण्यांची पोट्टी राह्यली नाई. अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि सुटीच्या दिवशी भाजीवाल्या बायांची कागदपत्रं करून देते. त्यायची पुढारी म्हणजे केशरबाई. आवाज असा का मळ्यात बोलली तर प्लॅटफॉर्मवर ऐकू येते. कापसानं ओळीनं तीन वर्षं पाठ फिरवली म्हणून औंदा आसपासच्या त्रेचाळीस जणींनी फुलगोबी लावली. बियाणं एकाच दुकानाचं. पानं आली हत्तीच्या कानाएवढी, आणि मधात पाह्यलं तर फूलच नाई! दुकानदार म्हणे, तुमी पाणी नाई दिलं. तुबानं काय केलं, तर लागवडीपासून दर हप्त्याले सगळ्या वावरांचे फोटो काढले होते (तिले फोटोचा नाद, तो अशा कामी आला), बायांचे जबाब लिहून घेतले आणि सारं घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलं. सहा डिसेंबरले अकोल्यात तपासणी समितीपुढं सुनावणी लागली.

आता त्या कॉम्प्युटरवर विंडोज नाई, लिनक्स आहे. काम तेच, पण फुकट, आणि काही बिघडलं तर लपवत नाई, गार्डाच्या डायरीसारखं सगळं पडद्यावर लिहून काढते. वरून तुबानं सगळ्या डिस्कले कुलूप घातलेलं. सुरू केलं का आधी परवलीचं वाक्य मागते. ते नाई दिलं तर आतलं सारं गिचमिड, बापालेही वाचता येत नाई. (मी पाह्यलं वाचून.) कुलूप काहून, तर यातल्या अर्ध्या बायांले पुढच्या हंगामात त्याच दुकानातून खत घ्यायचं आहे. कोण काय बोललं हे बाहेर फुटलं तर त्यायचं वांधं.

तर सोमवारी सकाळी, सुनावणीले तीन दिवस असताना, तुबानं बटन दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावाले लागल्या. एरर, एरर, अमुक सेक्टर (म्हणजे डिस्कचा बारकासा तुकडा) वाचता आला नाई, तमुक सेक्टर वाचता आला नाई. मालगाडीचे डबे मोजावे तशा मी ओळी मोजल्या, साठानंतर सोडून देल्या. मधात त्यानं परवलीचं वाक्य मागितलं, तुबानं देलं, कुलूप उघडलं, आमी श्वास सोडला, आणि पुन्हा ओळी! शेवटी काय लिहून आलं, तर आतली मांडणी विस्कटली आहे, मले आपोआप नीट करता येत नाई, तुमी आपल्या हातानं करा. आणि थांबलं.

"मंग कर ना हातानं," मी म्हटलं.

"अब्बा, डिस्कच मरत असन तर दुरुस्तीनं उरलंसुरलंही जाईन. आधी बिमारी कोणती ते पाहू द्या." तिचा आवाज शांत होता, पण पोट्टीचे हात थंड पडले होते. मी धरून पाह्यले.

याची एक नक्कल पेनड्राइव्हवर होती. होती म्हणजे, मी त्याच्यावर कव्वाल्या भरेपर्यंत होती. (हे मी तिले त्याच सकाळी कबूल केलं. ती परत पडद्याकडं वळली. सितारा मात्र दोघींच्या वाट्याचं बोलली.)

मंग आमी गुलफामले बोलावलं. गुलफामचं अमरावतीत दुरुस्तीचं दुकान आहे, मन सोन्यासारखं, इलाज एकच. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्ब्याले कान लावला, डोळे मिटले आणि म्हणे, "चाचा, डिस्क गई. नवीन टाकू, विंडोज टाकू, सब चकाचक." आतल्या फोटोंचं काय, असं इचारलं तर म्हणे, बिनकुलपाची असती तर नागपूरले पाठवून काहीतरी काढलं असतं. कुलपाच्या डिस्कचा पहिलाच तुकडा, ज्यात किल्लीची खूण असते, तो गेला तर खरं वाक्य देऊनही दरवाजा उघडत नाई. हे ऐकायले नेमकी केशरबाई दारात उभी! तिले वाटलं कोणी माणूसच गेलं. चप्पल काढून, पदर डोक्यावर घेऊन खाली बसली. तिले समजावून सांगेपर्यंत गुलफामचा चहा थंड झाला. समजल्यावर ती एवढंच म्हणे, "तुबाबाई, त्रेचाळीस घरची भाजी आहे त्याच्यात. जपून." भाऊ, त्या 'जपून'नं मले रडू आलं असतं, पण गुलफाम पाहून राहिला होता.

तुबानं मंग डिस्कले हात न लावता दुसऱ्या एका पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. तुमाले माहीत आहे का, प्रत्येक डिस्क आपल्या दुखण्याची वही स्वतःच ठेवते! किती तास चालली, किती तापली, किती सेक्टर सडले, सगळं. तुबानं वही उघडली. सडलेले सेक्टर: शून्य. पुन्हा पाह्यलं, शून्य. गुलफाम म्हणे, मशीन झूठ बोलतं. पण खाली आणखी एक आकडा होता, एकोणीसशेच्या वर, आणि तुबा बोट ठेवून म्हणे, हा डिस्कचा दोष नाई, डिस्कपासून कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डापर्यंत येता येता जी माहिती वाटेत बिघडते, त्याची ही मोजणी आहे. दोन मिनिटांनी पाह्यलं तर आकडा आणखी वाढला.

भाऊ, मी खुर्चीवरून उठलो! दिवा चांगला, रिले चांगला, सिग्नल तरी फडफडते, तर आपण आधी काय पाह्यत होतो? "केबल!" मी असा ओरडलो का सितारा चुलीवरचं सोडून आली. तुबानं माह्याकडं पाह्यलं आणि हसली. तीही तेच म्हणणार होती म्हणे, पण पहिले मी म्हटलं. साक्षीले गुलफाम आहे.

डब्बा उघडला. डिस्कची ती पातळ लाल केबल झाकणाखाली चेंगरून अशी मुडपलेली, जशी कोंबडीची मान. कोणी चेंगरली? सांगतो. बकरीदच्या साफसफाईत घरच्या एका जबाबदार इसमानं धूळ उडवाले त्या डब्ब्यात सायकलच्या पंपानं हवा मारली होती आणि झाकण गुडघ्यानं दाबून बसवलं होतं. त्या इसमानं पांढरी टोपी काढून डोकं खाजवलं. बाकीचे समजले.

सीडीच्या खान्याची केबल चांगली होती, तीच काढून डिस्कले लावली. आकडा जागेवर थांबला! पाच मिनिटं आमी सारे त्या आकड्याकडं असे पाह्यत होतो, जसं काही तो चंद्र आहे. तरी तुबानं घाई केली नाई. गुलफामच्या दुकानातून मोठी डिस्क आणली, तिच्यावर पूर्ण नक्कल उतरवली, आणि मंगच विस्कटलेली मांडणी दुरुस्त कराले घेतली. ते यंत्र प्रत्येक गोष्टीले इचारते, हे नीट करू का? ते नीट करू का? एका शब्दात सगळ्याले हो म्हणायची सोय आहे, पण तुबानं मुद्दाम मले बसवलं. हो, हो, हो. माह्या निकाहात मी तीनदा 'कुबूल' म्हटलं होतं, इथं एकशे अकरा वेळा. फोटो सगळे सुखरूप. एका जबाबाचं फक्त नाव हरवलं होतं, तो पार्बताबाईचा निघाला.

आता अकोला. सगळा डब्बाच न्यायचा, असं तुबा म्हणे, मूळ फोटो दाखवा म्हटलं तर? सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. मी, तुबा, आणि नऊ बाया. डब्बा गोधडीत गुंडाळून केशरबाईच्या मांडीवर, जसं पहिलटकरणीचं लेकरू. गाडी हलली का ती हातानं त्याले थोपटे. टीसीनं इचारलं, "बाई, काय आहे?" ती म्हणे, "गोबी."

समितीत तीन साहेब होते. दुकानदाराचा माणूस उठून म्हणे, हे छापील फोटो कुठलेही असू शकतात, तारखेचा पुरावा काय? झालं, तुबानं डब्बा मेजावर ठेवला, तिथलाच पडदा जोडला, बटन दाबलं. भाऊ, त्या चार सेकंदांत मी मनातल्या मनात सगळे कलमे पढलो. पडदा काळा. एकही पांढरी ओळ नाई! फक्त परवलीचं वाक्य मागितलं. तुबा त्या माणसाले म्हणे, "जरा तोंड फिरवा." तो फिरवीना. मंग मोठे साहेबच म्हणे, "फिरवा हो, त्यांच्या घरचं कुलूप आहे." त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि सगळ्या बाया हसल्या.

फोटो चालू झाले, हप्त्यामागून हप्ता, तारखेसकट. तो माणूस भिंतीकडून वळून पुन्हा म्हणे, पाणीच दिलं नसन. तवा केशरबाई उठली. "साहेब, पाणी नाई देलं तर एवढी पानं काय माह्या रडण्यावर वाढली?" मोठ्या साहेबानं चष्मा काढून पुसला. अहवालात लिहिलं, बियाणं सदोष. भरपाईचं अजून पुढं आहे, पण ते दोन शब्द शिक्क्यानिशी आमच्या हाती आले. परत येताना नऊ बायांनी डब्यात गाणे म्हटले, आणि डब्बा पुन्हा मांडीवर.

असं आहे सगळं. वहिनीले सलाम, नातवांले दुआ. 

तुमचा,
हुसेन

ता. क. मूळ काम राह्यलंच. या विजयाच्या जोशात मी माह्या जुन्या लॅपटॉपवर, कोणाले न इचारता, लिनक्स टाकून कुलूप लावलं. त्याच्यात सितारानं तीन महिने बोलून माह्याकडून टाइप करून घेतलेले तिच्या अम्मीचे लोणचे आहेत. परवलीचा शब्द ठेवला आपल्या केबिनपाशी यायच्या त्या कुत्र्याचं नाव. तीन दिवसांपासून आठवून राहिलो, आठवत नाई. सत्याऐंशी साल, कान तुटका, तुमच्या डब्यातली भाकर खायचा तो. फोनवर इचारता येत नाई, घर लहान आहे. नाव एका पोस्टकार्डावर लिहा. बाकी काही लिहू नका, कार्ड सितारा वाचते.

ता. क. दुसरा. शेषरावकाका, मी तुबा. अब्बांनी काल पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटवायचं विसरले. कुत्र्याचं नाव 'पार्सल'. लहानपणी त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय मी झोपत नव्हते. लॅपटॉप मी कालच उघडून बघितला आणि अम्मीची लोणची दुसरीकडे उतरवून घेतली. अब्बांना सांगितलेलं नाही. तुम्हीही कार्ड पाठवू नका. नाव सांगायला स्वतः या. ते रोज संध्याकाळी जुन्या केबिनपर्यंत एकटेच चालत जाऊन येतात.