बिल नसलेले रविवार

९ ऑक्टोबर, गुरुवार

टेगन आली. माझ्या बायकोच्या, नोएलीनच्या, बहिणीची मुलगी. लोकांच्या कराची कामं करते. म्हणाली, "काका, मावशीचं शेवटचं विवरणपत्र महिनाअखेर भरायचंय. मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. एरवी तरी त्याहून जास्त कुठे बोलता!"

नोएलीनची नगरपालिकेत घरपट्टीच्या खिडकीवर नोकरी होती, त्या पगाराचा कर कापलेलाच आहे. प्रश्न रविवारच्या पियानोंचा. शाळा, चर्च, कुणाच्या घरची बैठकीची खोली — ती जाऊन सुरात लावून द्यायची. बिलं सोमवारी सकाळी, कामावर निघण्याआधी, टोस्ट खाता खाता. कागदांवर अजून लोण्याची बोटं आहेत.

टेगनने नावापुढे 'मयत' लिहिलं. मी किटली ठेवायला उठलो.

११ ऑक्टोबर

एका शाळेतून फोन. "नोएलीन कधी येतील? मधली एक पट्टी बेसूर झालीय." सांगावं लागलं.

१४ ऑक्टोबर

टेगन स्वयंपाकघरातलं कॅलेंडर घेऊन बसली होती. समुद्रकाठच्या त्या गावाचं नाव, 'बिशेनो — हॉल', वर्षात चार वेळा, नोएलीनच्या अक्षरात. बिल मात्र एकच!

"एवढा लांबचा रस्ता, आणि तीन खेपा फुकट? मावशी तर पार्किंगची पावतीसुद्धा टाकून द्यायची नाही!"

गाडीचा खर्च वजा करून घ्यायचा तर या खेपा कामाच्या होत्या असं लिहून द्यावं लागेल. खाली सही माझी — तिच्या वतीने.

"कामाच्याच होत्या ना, काका?"

"हो," म्हटलं. मग म्हटलं, "बघतो."

१५ ऑक्टोबर

नेहमी तेच वाक्य. "रॉस, बिशेनोचा पियानो लावायचाय. घाटातली वळणं मला जमत नाहीत. गाडी चालवशील?" मी शेडमधून भुसा झटकत निघायचो.

ती हॉलमध्ये. मी बाहेर खडकांवर, थर्मास घेऊन. मग ती यायची — एका हातात बूट, दुसऱ्या हातात शिंपल्यांचं सारण भरलेल्या स्कॅलप-पायची पिशवी. "झालं?" "झालं." ऊन उतरेपर्यंत तिथेच. फार बोलणं नाही. वारा सुटला की ती माझ्या पाठीच्या आडोशाला बसायची.

एकदा तरी तिने म्हणावं असं वाटायचं — चल, उगीच जाऊ. पियानो नको, काही नको. नाही म्हणाली. कामाची बाई.

सही केली की ते सगळे रविवार कामाचे. बस्स, तेवढंच.

१९ ऑक्टोबर, रविवार

शेडमध्ये बसलो. रंधा हातात धरला, चालवला नाही. वारा होता. पाठीमागे कुणी नाही.

२३ ऑक्टोबर

क्लाइव्हला फोन लावला. हॉलची किल्ली त्याच्याकडे असते. विचारलं — चार वेळा काम होतं का?

"कसलं काम! तो पियानो वर्षातून एकदा लावला की पुरे. बाकीच्या वेळी ती यायची, दोन पट्ट्या दाबायची आणि माझा चहा पीत बसायची. म्हणायची, अर्धा तास तरी बसायला हवं, नाहीतर त्याला संशय येईल."

"कुणाला?"

"तुला, बाबा! म्हणायची, 'आमचा माणूस समुद्र बघायला चल म्हटलं तर येणार नाही. गाडी चालव म्हटलं की लगेच तयार.' मी एकदा विचारलं, बिल कधी पाठवतेस? तर हसायला लागली — 'कशाचं पाठवू? नवऱ्याला हवा खायला आणल्याचं?'"

मी कॅलेंडर ओढून बिशेनोच्या चारही रविवारांवरून बोट फिरवलं.

"रॉस? आहेस ना रे?"

२४ ऑक्टोबर

टेगनला कळवलं. बिशेनोची एक खेप कामाची. तीन घरच्या.

"कर थोडा जास्त बसेल, काका."

बसू दे. सही केली.

२६ ऑक्टोबर, रविवार

बिशेनो. काम काही नाही. तिने नुसतं 'चल' म्हटलं असतं तरी आलो असतो, असं वाटेत सारखं स्वतःला सांगत होतो. नसतो आलो. ओळखून होती ती मला.

आज आलो.